साळूबाईचं ‘नगं’

आष्ट्याच्या साळूबाईपुढं कुणी काही केलं, की तिच्या तोंडून आधी ‘नगं’ यायचं. चहा घ्या म्हटलं, नगं. बसायला खुर्ची दिली, नगं, हितंच बरी हाय मी. माहेरी भावानं लुगडं काढलं, तरी नगं. मग भाऊ रागवायचा, भावजय हात धरून बसवायची, आणि साळूबाई ते लुगडं हसत हसत घेऊन यायची, कारण तिला ते पहिल्यापासून हवंच असायचं. यात लबाडी काही नव्हती हो. आपल्याकडं एकदा म्हटल्याबरोबर घेणारा हावरा ठरतो, आणि एकदाच विचारून गप्प बसणारा चिक्कू. पण पाचगणीच्या त्या हॉटेलात हे नगं बाईच्या असं काही अंगावर आलं, की ऐन थंडीत तिला घाम फुटला.

त्याचं झालं असं. साळूबाई आणि गुंडाआबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि पुण्यात कंपनीत असलेल्या पृथ्वीराजला, त्यांच्या एकुलत्या एक पोराला, आईबापाची हौस करायची लहर आली. गुंडाआबा फौजेतनं हवालदार होऊन आलेले. ताठ कणा, मिशीला अजून रोज कात्री. “हाटेलात कशाला ऱ्हायाचं? घरात काय जागा न्हाई व्हय?” असं कुरकुरले, पण सदऱ्याला इस्त्री मात्र स्वतःच्या हातानं केली. वाईवरनं पसरणीचा घाट चढून गाडी पाचगणीत आली. सून संयोगिता पोरीला घेऊन स्ट्रॉबेरी घ्यायला बाजारातच उतरली, आणि बाकीची तिघं हॉटेलवर आली.

बघतात तर निम्म्या इमारतीला हिरवी जाळी गुंडाळलेली, बांबूची परांची बांधलेली, आणि दारातच पाटी : ‘नूतनीकरण चालू आहे. आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ पृथ्वीराज चरफडला. “हे फोनवर कुणी बोललं नाही मला!” पण खोली बघितल्यावर त्याचा राग निवळला. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, हॉटेलातली सगळ्यात भारी. पलंग एवढा की त्यावर अख्खं घर झोपावं. पुढं गच्ची, आणि गच्चीतनं खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी, बारकी बारकी शेतं. “कशी आहे, आबा?” त्यानं विचारलं. “झ्याक हाय,” आबा म्हणाले, आणि ते खरंच खुलले होते. पोरगं खूश होऊन गाडी लावायला खाली गेलं.

ते जिना उतरलं असेल नसेल, तोवर पलंगामागच्या भिंतीपलीकडं ब्रेकर सुरू झाला. जुनी फरशी फोडायचं मशीन ते. धडधडधडधड, धडधडधडधड. भिंतीवरची तसबीर थरथरली.

साळूबाईनं भिंतीकडं बघितलंच नाही. तिनं आधी नवऱ्याच्या हाताकडं बघितलं. आबांनी खुर्चीची पाठ धरली होती आणि बोटांची पेरं पांढरीफटक पडली होती. डोळे दारावर. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग पलीकडनं कुणीतरी ओरडलं, “बंद कर रं, जेवायची सुट्टी!” आणि मशीन थांबलं.

“आवं?”

“काय न्हाई. तू बस.” आबांनी रुमालानं मान पुसली. रुमाल ओला झाला.

आता हे काय ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. काश्मीरमधनं आबा सुट्टीवर आले, त्या साली दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावले, आणि एवढा सहा फुटी गडी पलंगाखाली शिरला. कानावर हात गच्च, दातावर दात वाजतायत. साळूबाई पलंगाखाली शिरून त्यांना धरून बसली होती. सकाळी त्यांनी तिला एकच सांगितलं, “पोराला कळलं, तर माझं मेलेलं तोंड बघशील.” ज्या गावात घरटी एक जवान, तिथं हवालदार फटाक्याला भितो म्हणून कळलं तर जगायचं कसं? तेव्हापासून दर दिवाळीला आबा मळ्यात. उसाला पाणी पाजायचंय, रात्रीची लाईट आहे, रानडुकरं आलीत. कारणांना काय तोटा! साळूबाई मळ्यात फराळ पोचवायची आणि घरी येऊन पोराला ओवाळायची. पोरगं विचारायचं, “आबांना आपल्यापेक्षा ऊस जास्त आवडतो का गं?” ती त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढायची. मोठं झाल्यावर त्यानं विचारायचंही सोडलं. बापलेकांचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘गाडी नीट चालव’ एवढ्यावर आलं होतं.

“आवं, घरला जाऊया का?” साळूबाई हळूच म्हणाली.

“येडी का खुळी तू? पोरानं हौसेनं आणलंय. आनि चहाला आप्पासो येनार हायत.” आप्पासो म्हणजे संयोगिताचे वडील, रिटायर सुभेदार, पोटात काही न राहणारा माणूस. “त्यांच्याम्होरं पळून जाऊ व्हय?”

“मग खोली बदलून घिऊ.”

“पोराला काय सांगशील?”

कामगारांची भाकरी संपायच्या आत काहीतरी करायला हवं, एवढं तिला कळत होतं. “बाटलीभर पानी आनते,” म्हणून ती बाहेर पडली. लिफ्टचं तिला भ्या वाटायचं, म्हणून जिन्यानं, पदर खोचून, गुडघ्यावर हात ठेवत खाली आली. वाटेत खिडकीतनं दिसलं, गडीमाणसं डबे उघडून बसली होती. साळूबाईनं आयुष्यात कुणाच्या जेवणाकडं असं बघितलं नव्हतं. बाबांनो, सावकाश जेवा रं.

खाली काउंटरवर माया नावाची पोरगी होती. वाईची. केस चापून बसवलेले, अंगात कोट, चेहऱ्यावर हसू. पृथ्वीराज समोर दिसला नाही, तेव्हा साळूबाई काउंटरला लागून उभी राहिली.

“बाय, वर लय आवाज हाय गं.”

“हो ना आजी, सॉरी. जेवणानंतर पुन्हा सुरू होईल, संध्याकाळपर्यंत चालेल. पण व्हॅली व्ह्यूची तीच खोली सगळ्यात चांगली आहे.”

“दुसरी कुठली न्हाई व्हय? लांबची?”

मायानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “मागं बागेत एक जुनं कॉटेज आहे. तिथं अजिबात आवाज येत नाही. पण आजी, खिडकीतनं पाण्याची टाकी दिसते फक्त. गच्ची नाही. देऊ का ते?”

देऊ का! साळूबाईच्या जिवात जीव आला. देवच पावला म्हणायचा. आणि त्याच आनंदात जन्माच्या सवयीनं तिच्या तोंडून गेलं, “नगं बाई, ऱ्हाऊ दे. तुला कशाला तरास.”

आणि ती थांबली. आता पोरगी म्हणेल, त्रास कसला आजी, घ्या ना. मग आपण म्हणायचं, बघ बाई, तुझं काम वाढंल. मग ती म्हणेल, तुम्ही मला आजीसारख्या. मग किल्ली. सगळं कसं रीतीप्रमाणं.

“बरं आजी,” माया हसून म्हणाली, आणि तिनं फोन उचलला.

साळूबाई उभीच. पोरीला ऐकू गेलं नसेल का? ती खाकरली. माया फोनवर बोलत राहिली. हॉटेलात मायाला शिकवलेलंच असं होतं, गिऱ्हाइकाला एकदा विचारायचं, नाही म्हणालं की मागं लागायचं नाही. फोन झाला, तर मघापासून मागं थांबलेला, लॅपटॉपची पिशवी अडकवलेला एक तरुण पुढं आला. कोल्हापूरचा होता, धैर्यशील नाव. कामाचे फोन असतात, या गोंगाटात बोलता येत नाही, शांत काही मिळेल का?

“मागचं कॉटेज आत्ताच मोकळं आहे सर,” माया म्हणाली.

“चालेल!” तो पठ्ठ्या म्हणाला. एका झटक्यात. ना नको, ना राहू दे. मायानं किल्ली त्याच्या हातात दिली.

साळूबाईच्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. अगं सटवे, परत विचारायला तुझं तोंड झिजत होतं का? लगेच तिला स्वतःचाही राग आला. जीभ झडो माझी ती! बाहेर कामगार नळावर हात धूत होते. एकानं तोंडाला रुमाल बांधला. दुसरा परांचीवरनं वर चढायला लागला.

आता रीत गेली खड्ड्यात. साळूबाई पळत जाऊन त्या धैर्यशीलच्या आडवी उभी राहिली.

“दादा, ती खोली मला दे.”

तो गोंधळला. “आजी, तुम्ही तर नको म्हणालात. मी ऐकलं.”

“मी म्हनले. चुकले. मला पायजे हाय.”

“पण तुमच्या खोलीतनं तर खोरं दिसतं. ही साधी आहे. कशाला हवी?”

आता खोटं काय सांगायचं, ते तिला सुचेना. मान दुखते म्हणावं? झोप लागत नाही म्हणावं? एवढी वर्षं ऊस, लाईट आणि रानडुकरं पुरवणारी बाई, पण त्या घडीला एक कारण जवळ नव्हतं. वर परांचीवर बूट वाजत होते. तिनं धैर्यशीलचं मनगट धरलं आणि तिच्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

“माझा नवरा वर बसलाय. फौजेत हुता. त्या मशीनचा आवाज आला की त्याला गोळीबार वाटतो रं. लय भितो. थरथर कापतो. दिवाळीला घरात ऱ्हात न्हाई, मळ्यातल्या खोपीत जाऊन झोपतो, का तर पोरानं बघू नये. एवढी वर्सं झाली, कुणाला सांगितलं न्हाई मी. तुझ्या पाया पडते, दे मला ती खोली.”

“आई?”

मागं पृथ्वीराज उभा होता. हातात गाडीची चावी, आणि तोंडावर रंग नाही. किती वेळ उभा होता, कोण जाणे. साळूबाईनं पदर तोंडावर धरला. आबांनी घातलेली शपथ तिला आठवली.

धैर्यशीलनं किल्ली पुढं केली. “घ्या आजी.”

सवयीचं ते नगं जिभेच्या टोकावर आलंच होतं. साळूबाईनं दात आवळले, किल्ली ओढून घेतली आणि म्हणाली, “दे. पायजे.”

आणि तेवढ्यात वर धडधडधडधड सुरू झालं.

पृथ्वीराज पळाला. असा पळाला, की लहानपणी शाळा सुटल्यावरही कधी पळाला नसेल. साळूबाई कठडा धरून मागनं चढत राहिली, दम लागला तरी थांबली नाही. खोलीचं दार उघडंच होतं. पलंग रिकामा, गच्ची रिकामी. मग तिला दिसलं. आबा कपाटाच्या आणि भिंतीच्या सांदीत अंगाचं मुटकुळं करून बसले होते, कानावर हात, इस्त्रीचा सदरा घामानं चिंब. आणि पोरगं त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर. “आबा, मी हाय. पृथ्वी. चला आबा, खाली जाऊया.” पुण्याला गेल्यापासून त्याची भाषा बदलली होती. आज गावाकडची आपोआप परत आली.

त्यानं बापाला उठवलं, स्वतःचं जॅकेट त्यांच्या डोक्यावरनं कानापर्यंत ओढलं आणि काखेत धरून मागच्या जिन्यानं उतरवलं. जिन्याच्या तळाशी माया वाट बघत उभी होती. पुढं होऊन तिनं आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं कॉटेजचं दार उघडलं, आणि साळूबाईला हळूच म्हणाली, “आजी, चुकलं माझं. घरी असते, तर परत विचारलं असतं हो.”

कॉटेज खरंच शांत होतं. मशीनचा आवाज इथवर येतच नव्हता. खिडकीत पाण्याची टाकी, तिच्यावर शेवाळ, आणि नळाला लागून दोन कुंड्या. एवढ्या पैशात टाकी बघायला आलो म्हणून एरवी पृथ्वीराजनं हॉटेल डोक्यावर घेतलं असतं. आबा पलंगावर बसले. थरथर हळूहळू ओसरली. त्यांनी एकदा साळूबाईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. त्यांना कळलं.

साळूबाईला वाटलं, आता हे आयुष्यभर माझ्याशी बोलायचे नाहीत. तिनं हातातली किल्ली गच्च धरली होती.

“आबा,” पृथ्वीराज म्हणाला. “दिवाळीला मला वाटायचं, तुम्हाला आमच्यात यायचंच नसतं.”

आबांनी टाकीकडं तोंड फिरवलं. “तुला ओवाळायच्या टायमाला मी बांधावर उभा ऱ्हायचो. गावातला उजेड दिसायचा तिथनं,” ते म्हणाले. आणि तो दगडासारखा माणूस रडला. साळूबाईनं त्यांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

बाहेर कॉटेजला लागूनच्या फाटकात गाडी वाजली. आप्पासो आले असणार, त्यांचा हसण्याचा आवाज टाकीपर्यंत आला. आबांनी घाईघाईनं डोळे पुसले, सदरा ओढून नीट केला.

“मी बसू का हितं, तुमच्यापाशी?” पृथ्वीराजनं विचारलं.

“नगं, नगं. तू जा. तुझा सासरा आलाय, वाट बघत आसंल.”

साळूबाईनं पोराकडं बघितलं. काय करतोय हा? पुण्यात राहून त्या मायासारखंच ‘बरं’ म्हणून उठतोय की काय?

पृथ्वीराज उठला. दारापर्यंत गेला. तिथं त्यानं बूट काढले, दार आतनं लावून घेतलं आणि परत येऊन बापाच्या शेजारी पलंगावर मांडी घालून बसला.

आबांनी दुसऱ्यांदा नगं म्हटलं नाही.