परातीतला गोड आकडा

नमुना आला की मॅडम आधी एक खडा दाताखाली धरायच्या, कुरकुर ऐकायच्या आणि थुंकायच्या. "गाळ बारीक आहे." चाखल्याशिवाय विश्वास न ठेवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

भंडाऱ्यात धानाच्या गिरणीमागे त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. दूरच्या तेलविहिरींतून दगडाचा चुरा यायचा. त्यात दबलेल्या जुन्यापुराण्या शेवाळापासून, लाकडापासून तेल झालं असेल का, ते आम्ही सांगायचो. चुरा वाळवायचं, दळायचं काम माझं. शास्त्रज्ञ दिसावं म्हणून मी पांढरा कोट घालूनच वांगी घ्यायला जायचे. भाजीवाली म्हणायची, "सिस्टरबाई, माहा बीपी पाहता का?"

भट्टीत वाळवायला मॅडमची बंदी. "जमिनीनं आधीच शिजवलं त्याले. तू अजून कायले शिजवून राहिली?" म्हणून परात खिडकीच्या वाऱ्यावर.

एकदा मोठं काम आलं. दगड सकस निघाला तर कंपनी दुसरी विहीर खोदणार, पुढची सगळी तपासणी आमच्याकडे. नाहीतर प्रयोगशाळा बंद.

यंत्रात पूड तापवली आणि आकडा असा चढला, की मी पेढ्यांसाठी पर्स उचलली. मॅडमनी मनगट धरलं. "थांब. इतका गोड आकडा मी पाहिला नाही."

फोन वाजला. कंपनीचे साहेब. "मॅडम, मीटिंग सुरू आहे. पाठवा."

"अर्धा तास द्या."

त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या, निळा प्रकाश टाकला. कानामागून घामाचा ओघळ उतरला.

"ये, पाह्य. काय दिसते?"

पिवळे झगझगीत तुकडे! "शेवाळ, मॅडम! तेलच तेल!"

"शेवाळाले असे रांगेनं दात असतात का, बाई? धानाचा कोंडा आहे हा. यंदाचा."

बाहेर गिरणी धडधडत होती.

डब्यात मूठभर चुरा उरला होता. मॅडमनी चिमट्यानं स्वच्छ कण वेचले, कुटून यंत्रात घातले. फोन वाजत राहिला. पडद्यावरची रेघ सरकली, ती आडवीच.

मी, दीडशहाणी, म्हणाले, "पहिला आकडाही यंत्रानंच दिला ना?"

"यंत्राले कोंडा काय अन् दगड काय!" त्यांनी फोन उचलला. "साहेब, खोदू नका. यात काही नाही. पहिला नमुना माझ्या वाळवण्यानं बिघडला होता."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं. एसटी स्टँडवर मॅडमना निरोप देताना मी हुंदके देत होते. "रडतेस कायले? रिकामा खड्डा वाचला ना!" नागपूरची गाडी गच्च भरलेली. कंडक्टर सूक्ष्मदर्शकाची पेटी टपावर टाकायला निघाला, तर मॅडम स्वतः उठल्या आणि आपली सीट पेटीला दिली.

गाडी वळली तेव्हा त्या उभ्याच होत्या, एक हात दांड्याला, एक पेटीवर.