मामांचा लोटा आणि लोखंडी शिपाई

सडक अर्जुनीजवळच्या त्या बंद राइस मिलमध्ये काय चालत होतं, हे आता सांगायला हरकत नाही. कंपनी कधीच उठून गेली आणि ज्यांनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, त्यांची तोंडं देवानंच बंद केली.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मी तिथे फिटर होतो. फाटकावर पाटी होती, धानमळणी यंत्रांचा कारखाना. आत साहेब लोक लष्करासाठी लोखंडी शिपाई बनवत होते. कुणाला कळू देणार नाही अशी आम्ही शपथ घेतली होती. पण पाटी वाचून शेतकरी यायचे.

"मशीन कवा निंगते?"

"निंगन ना, घाई कायले करता? पाणी प्या."

हे उत्तर आमच्या चौकीदाराचं. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. नवेगाव बांधच्या तळ्याकाठचे. आलेल्या माणसाला आधी लोटाभर पाणी, मग नावगाव, ही घरची रीत त्यांनी फाटकावरही सोडली नव्हती.

शिपाई माणसाहून हातभर उंच. हातात लाठी, डोळ्यांच्या जागी काचा, पाठीतून निघालेली लांब वायर आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कपाटाएवढा मेंदू. हा मेंदू आपला आपण शिकतो, असं मोठे साहेब सांगत. शत्रू कसा दिसतो ते त्याला फक्त पुन्हा पुन्हा दाखवायचं. ते काम माझ्याकडे होतं. बंदूक घेऊन त्याच्यासमोरून चालायचं आणि 'शत्रू' लिहिलेलं बटण दाबायचं. दिवसभर.

पण बंदूक साहेबांच्या कपाटात. दर वेळी अर्ज आणि दोन सह्या. मला कंटाळा आला. मी मामांचा पितळी लोटा मागून आणला, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि बंदुकीऐवजी तोच घेऊन चालू लागलो. चमकल्याशी मतलब, असं मला वाटलं. तीन आठवड्यांत लोटा दिसताच शिपाई लाठी उगारून धावू लागला. साहेबांना खिडकीतून त्याचं धावणं दिसे, माझ्या हातातलं दिसत नसे.

लष्करी पाहुणे आले तेव्हा मिलमागच्या धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात, म्हणजे बांधीत, खुर्च्या मांडल्या. एक जवान बंदूक घेऊन शिपायासमोरून गेला. शिपाई ढिम्म. जवान पुन्हा गेला. शिपाई रुसलेल्या जावयासारखा उभा. साहेबांना घाम फुटला. तेवढ्यात पाहुणे आले म्हणून मामा त्याच लखलखीत लोट्यात पाणी घेऊन आले.

शिपाई सुटला. मामाही सुटले, पण लोटा टाकेनात. पाणी सांडू नये म्हणून लोट्याच्या तोंडावर तळहात धरून पळत होते. "अबे पाणी होय, पाणी! पाव्हण्याचं होय!" बांधीला दोन फेऱ्या झाल्या, वायर खुर्च्यांत गुंतली आणि शिपाई मोठ्या पाहुण्याच्या पायांशी पालथा पडला.

आता साहेब मला विचारतील म्हणून मी खाली वाकून वायर सोडवू लागलो. साहेबांनी पाहिलं मामांकडे.

"मशीन गलती नहीं करती," ते म्हणाले. "इसने दुश्मन पहचान लिया."

त्याच दिवशी मामांना हेर म्हणून काढून टाकलं. शिपायाला इतकं चांगलं शिकवल्याबद्दल मला शाबासकी मिळाली. मी ती घेतली.

महिन्याभरानं सगळं कबूल करायचं ठरवून मी नवेगावला गेलो. मामांनी आधी पाणी दिलं, त्याच लोट्यातून. मग हळूच म्हणाले, "बाबू, मी इचार करून राहिलो. येवढी शिकलेली मशीन, मलेच पाहून काऊन धावली असन?"

मी तोंड उघडलं.

"लहानपणी मी मालगुजाराच्या तलावातल्या मासोळ्या चोरल्या होत्या," मामा म्हणाले. "थेच तिले समजलं."

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "असन मामा."

तळ्याकाठच्या त्या माणसानं मरेपर्यंत पुन्हा मासोळी खाल्ली नाही, असं त्यांची मुलगी सांगते. तिच्यासाठी हे लिहितो आहे. मासोळ्यांचा काही संबंध नव्हता, बाई. लोटा मी घासला होता.