खिडकीकडे उशी, दाराकडे उशी

गावाबाहेर तेल लागलं त्या काळात मावशीच्या घरातलं अंथरूण कधी गार पडलं नाही. कामगार इतके लोटले की न्हाव्याने दुकानावर माडी चढवली आणि चहावाल्याने धडधाकट दात काढून सोन्याचा बसवला. मावशीकडे जादा खोली एकच, पलंग एकच. तिने भाडेकरू मात्र दोन ठेवले, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा; हाकही त्याच नावाने मारायची.

दिवसपाळी रात्री झोपायचा, रातपाळी दिवसा. एकाला तेलाच्या विहिरीवर सोडणारी बसच दुसऱ्याला घेऊन परतायची, त्यामुळे चार वर्षांत घरी त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. रातपाळीचं डोकं खिडकीकडे, दिवसपाळीचं दाराकडे. मावशी दिवसातून दोनदा चादर बदलायची, उशी फिरवायची.

"मावशी, त्या पठ्ठ्याला सांगा, गादीला खड्डा पाडलाय!"

"तोही तुझ्याबद्दल हेच म्हणतो मेल्या."

पुढे विहिरी आटल्या. वर्षभरात माणसं पांगली, न्हाव्याच्या माडीला कुलूप लागलं. शहरातला मुलगा न्यायला आला की मावशी म्हणायची, "काम परत सुरू होईल. मग माणसं झोपतील कुठे?" अकरा वर्षं तिने त्याला असंच वाटेला लावलं. खरं तर तिला त्या गजबजाटाची फार आठवण यायची.

आणि एका दुपारी दारात रातपाळी उभा! केस पिकलेले, काखेत हेल्मेट. मावशीने लगबगीने धुतलेली चादर काढली.

"सुरू होतंय ना रे सगळं?"

त्याने मान खाली घातली. "नाही मावशी. सिमेंट ओतून विहिरी कायमच्या बंद करायच्यात. आठ दिवसांचं काम आहे."

मावशीने चादर पलंगावर अंथरली. मग सवयीने तिने उशी खिडकीकडे ठेवली.

"आता मी दिवसपाळीला असतो," तो म्हणाला. तिने उशी दाराकडे केली.

सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "या बाजूला झोपलं की पहाटे स्वयंपाकघरातलं तुमचं गुणगुणणं ऐकू येतं. चार वर्षं तो पठ्ठ्या एकटाच ऐकत होता, लेकाचा!"

मावशी हसली आणि तिने पदराने डोळे पुसले.

नवव्या दिवशी तो गेल्यावर तिने मुलाला फोन लावला. "न्यायला ये. टेम्पो आण, पलंग घ्यायचाय."

"अगं, इथे पलंग आहे. त्या जुन्यावर झोपणार कोण?"

"मीच. एक दिवस खिडकीकडे डोकं करून, एक दिवस दाराकडे."