माणिकप्पा चिताऱ्यांनी काढलेली चकाकती ज्वारी

आमच्या मेहकर गावात माणिकप्पा नावाचे एक चितारी राहत होते. ही निजामाच्या राज्यातील हकिकत आहे. त्या काळी आमच्याकडे पिकांच्या हंगामावरून फसली साल मोजीत असत. माणिकप्पांचे एकही चित्र आज शिल्लक नाही, कारण ते मातीच्या भिंतींवर चित्रे काढीत आणि आषाढातील पाऊस ती धुऊन नेत असे. म्हणून त्यांच्याविषयी जे आठवते ते लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजते.

माणिकप्पांना स्वतःचे शेत नव्हते. तरीही शिवारात त्यांच्याइतके हिंडणारे दुसरे कोणी नव्हते. श्रावणात मुगाला फूल आले की ते बांधावर जाऊन बसत. मार्गशीर्षात तूर पिवळी झाली की एकाच झाडाभोवती फिरत राहत. जवसाचे निळे फूल दुपारपर्यंत गळून जाते, म्हणून पौषात ते तोंड न धुताच रानात जात. करडईचे फूल सुकताना पिवळ्याचे तांबडे होते, हे आम्ही शेतकऱ्यांच्या मुलींनी रोज पाहिलेले होते; परंतु तो रंग पाहण्यासाठी थांबावे असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

माझी आई राजूबाई त्यांची थट्टा करीत असे. "माणिकप्पा, दिसभर रानात बसून काय राखण करायलाव? निदान पाखरं तरी हाणा."

"अक्का, पाखरं हाणलो तर काढू काय?" असे ते उत्तर देत.

काव, चुना, पिवडी आणि काजळ हे त्यांचे रंग होते. हिरव्या रंगासाठी ते वालाचा पाला चोळून घेत. शिंदीची काडी ठेचून तिचा कुंचला करीत.

आमच्या भागात अशी रीत होती की मुलीला कुंकू लावून सोयरीक ठरविण्यास पाहुणे येणार असले, म्हणजे घराची दर्शनी भिंत सारवून तीवर मुलीच्या बापाचे रान काढावे. त्या दिवशी रानात जसे पीक उभे असेल तसेच ते काढावे. माणिकप्पा त्याकरिता पहाटे रानात जाऊन येत आणि परतल्यावर कोणाशीही न बोलता कामास लागत.

माझ्यासाठी हळ्ळीखेडच्या हणमंतरावांच्या धाकट्या मुलाचे स्थळ आले, तेव्हा माघ महिना चालू होता. आदल्या वर्षी एका ठिकाणचे पाहुणे आमच्या अंगणातूनच परत गेले होते आणि त्याचे कारण त्यांनी सांगितले नव्हते. त्यामुळे माझे वडील अंकुशराव फार काळजीत होते. हेही स्थळ गेले असते, तर मुलीतच काही खोट आहे असे लोक म्हणाले असते. मी ते सर्व ऐकत होते आणि मला जेवण जात नव्हते.

पाहुणे यावयाच्या दिवशी सकाळी भिंत तयार झाली. भिंतभर ज्वारी उभी होती, आणि तिची पाने उन्हात चकाकत होती. ती चकाकी यावी म्हणून माणिकप्पांनी रंगावर बाभळीच्या डिंकाचे पाणी फिरवले होते. इतके सुंदर चित्र मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

शेजारचे श्रीमंतकाका तंबाखू मळत आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. "माणिकप्पा, काय काढलास रे हे?"

"ज्वारी हाय की. पानं कशी चमकायलीत रानात, बघून आलो."

"अरे येड्या, चिकटा पडलाय तो. कीड हाय. रोग काढलास तू पोरीच्या कुंकवाला."

ज्वारीवर चिकटा पडला की पाने तेल लावल्यासारखी दिसतात, कणीस भरत नाही, आणि तो चिकट कडबा जनावरे खात नाहीत. आमच्या रानात त्या साली तेच झाले होते. वडिलांनी ते कोणास सांगितले नव्हते. माणिकप्पांना मात्र ते ठाऊकच नव्हते. त्यांनी केवळ चकाकी पाहिली होती.

त्यांचा चेहरा उतरला. "अण्णा, चुन्याचा हात मारतो," असे ते वडिलांना म्हणाले. परंतु पाहुण्यांच्या गाडीची घुंगरे वेशीत वाजू लागली होती. ओली भिंत दाखविणे हा मोठा अपशकुन समजला जाई. वडील पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात उतरले.

हणमंतराव गाडीतून उतरले. पाय धुण्यास दिलेले पाणी तसेच ठेवून ते भिंतीजवळ गेले. मी दाराआड उभी होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "आमचं रान तुमच्या भितीवर कामून काढलाव?"

वडील भिंतीजवळ येऊन उभे राहिले.

"न्हाई, खरंच इचारायलोय. आमच्याकडं बी असंच चमकायलंय. म्या चार ठिकाणी पोरी बघून आलो, समद्यांच्या भितीवर कणसं डब्बल. मला वाटलं, देवानं एकट्या माझ्याच रानात चिकटा घातलाय."

त्यानंतर ते दोघे ओट्यावर शेजारी बसले आणि चिकट्याविषयीच बोलत राहिले. कुंकवाची वेळ टळून जाईल म्हणून आईने आतून दोनदा बांगड्या वाजविल्या. अखेर माझ्या कपाळी कुंकू लागले. उठताना हणमंतराव वडिलांना म्हणाले, "वऱ्हाडाच्या बैलांना कडबा तुमी घालायचा, अशी रीत हाय. पर तुमच्याकडं न्हाई, हे म्या डोळ्यानं बघितलो. दोनच गाड्या आणतो. बाकीचे चालत येतील."

माणिकप्पा तोपर्यंत गोठ्यामागे जाऊन बसले होते. वडिलांनी स्वतः जाऊन त्यांना जेवावयास आणले.

फाल्गुनात माझे लग्न झाले. वऱ्हाड खरोखरच पायी आले. मी सासरचा उंबरठा ओलांडला, तेव्हा माझी थोरली जाऊ मालतीबाई पायांना तेल चोळीत बसली होती. तिने मान वर करून मला पाहिले आणि म्हणाली, "ये बाई, ये. तुझ्या बापाच्या भितीवरल्या ज्वारीनं मला मेहकरापतोर चालवली, तवा तू ह्या घरात आलीस. आता बस हितं आन् ह्यो डावा पाय तू चोळ."

मी बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला.