विहिरीतलं कासव

परवा उस्मानपुऱ्यातल्या घरी शेजाऱ्यानं झुरळांवर फवारा मारला आणि त्या वासानं मला थेट अजिंठ्याकडच्या आमच्या विहिरीवर नेऊन उभं केलं. चुलते शहरात साहेब. सुट्टी काढून गावी यायचे ते आम्हाला अक्कल शिकवायला. एका खेपेला त्यांनी कपाशीवर औषध मारून घेतलं आणि फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरच धुवायला लावला. दुसऱ्या दिवशी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि त्यांच्यात, पाणी साफ राहावं म्हणून आजोबांनी सोडलेलं कासवही. “म्हातारं झालं होतं,” चुलते म्हणाले. “अन् मासे?” मी विचारलं, तर डोळे वटारले. तेवढ्यात मेंढरं पाजायला नेहमीचा धनगर आला. “पाज की,” चुलत्यांनी फर्मावलं, “पिकाच्या औषधानं पाण्याला काय होतंय!” त्यानं विहिरीत वाकून पाहिलं, पोहऱ्यानं पाणी शेंदलं आणि तांब्या भरून चुलत्यांपुढं धरला. “आधी तुम्ही प्या, मालक. मग मेंढरं पाजतो.” साहेबांना एकदम एसटीची वेळ आठवली. हल्ली ते विषमुक्त शेतीवर भाषणं ठोकतात. समोर पाण्याची बाटली असते. झाकणाचं सील दोनदा तपासल्याशिवाय मात्र घोट घेत नाहीत.