नागपूरची सीट आणि स्टेशनचा माईक

"गाडी पांढुर्ण्याच्या पुढे जाणार नाही," मी माईकवर तिसऱ्यांदा सांगितले. पुढे नागपूरकडे रुळांवर पाणी होते. ट्रेन 'शॉर्ट टर्मिनेट' झाली, म्हणजे अर्ध्या वाटेत संपवली.

मुलांनो, तेव्हा मी पांढुर्णा स्टेशनच्या चौकशी खिडकीवर होते. निवृत्तीला सहा महिने उरले होते.

खिडकीशी रमाबाई नवऱ्याला घेऊन आली. शेतमजुरी करणारी. त्याला डायलिसिससाठी, म्हणजे यंत्राने रक्त साफ करायला, आठवड्यातून दोनदा नागपूरला न्यायची. एक खेप चुकली की त्याला श्वास पुरत नसे.

"जीपवाले सीटचे आठशे मागून राहिले, मॅडम. माह्यापाशी हजार हाय. त्याले एकट्यालेच पाठवतो. तुमी बोलू नका, चिडले त नेणार नाही."

रोजचे भाडे दीडशे. मी बोलायला बाहेर गेलेच.

जीपवाला गजानन ओळखीचा. त्याचा संत्र्याचा बगीचाही होता.

"मॅडम, संत्र्याचा भाव चढते तवा कोणी बोलते का?"

"मागच्या पावसात रस्ता बंद होता. व्यापाऱ्याने तुझ्या बगीच्यातली संत्री अर्ध्या भावात मागितली. त्याला तू काय म्हणालास?"

तो काच पुसू लागला. "आठशेच," शेजारचा ड्रायव्हर म्हणाला.

मी परत माईकशी बसले. "नागपूर जीपची रोजची सीट दीडशे. परतीला गाडी रिकामी येईल, म्हणून आज तीनशे रास्त. जास्त देऊ नका."

स्टेशन मास्तर धावत आले. "मॅडम, जीपचं भाडं आपला विषय नाही!"

"प्रवासी आपले आहेत, साहेब."

बाहेर कोणी जीपमध्ये बसेना. कोणी जीप हलवेना. रमाबाई माझ्याकडे बघत होती. वीस मिनिटे गेली. ती वीस मिनिटे मला जड गेली.

मग गजाननने तिच्या नवऱ्याचा दंड धरला. "चल बाबा. तीनशे. बाई, तू पण बस."

"मॅडमचा जावई झाला का बे?" मागून आवाज आला.

"गप बे. व्यापारी माह्या बगीच्यात असाच उभा होता."

त्याची जीप भरली, तेव्हा बाकीचेही तीनशेवर आले. रमाबाईच्या नवऱ्याचे डायलिसिस चुकले नाही.

माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहिले, "प्रवाशांनी चौकशी केली, मी माहिती दिली. पुन्हा विचारतील तर पुन्हा देईन."

रिकाम्या परतीचे भाडे घ्यावे. दुसऱ्याच्या घाबरण्याचे घेऊ नये. तुमच्या शहरात म्हणे पाऊस आला की टॅक्सीचे ॲपच भाडे वाढवते. ॲपला बगीचा नसतो, त्याला आठवण कशाची देणार? तेव्हा ते बनवणाऱ्याला गाठा.