धुतलेली ताडपत्री

ताडपत्रीचे दोन कोपरे बायकोच्या हातात, दोन माझ्या. झटकली, आणि घडी घालायला एकमेकांकडं चालत आलो. "नीट धरा की. लग्नात अंतरपाटसुद्धा लोकांनी यापेक्षा बरा धरला व्हता," ती म्हणाली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. शेवटचं काय बोलणं झालं, म्हणून येणारी माणसं डोळे पुसत विचारतात. झालं की. कोपऱ्याबद्दल झालं.

ताडपत्री आमची नव्हती. फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं शेत, आणि घरासमोर जुनी चिंच. माणसं जशी नवा शर्ट दोरीवर टाकतात, तशी तिच्यावर वटवाघळं लटकलेली असतात. संभाजीनगरहून एक संशोधक पोरगी त्यांच्यासाठी आली. वाघळांच्या अंगात विषाणू असतात, त्यांना काही होत नाही, पण त्यातला एखादा उद्या माणसात उतरला तर आधीच ओळख असलेली बरी, असं तिनं मागाहून समजावलं. त्यासाठी संध्याकाळी झाडाखाली ताडपत्री अंथरायची, आणि पहाटे वाघळं परतून मुतली की ते थेंब बारक्या नळ्यांत भरून पुण्याला तपासायला धाडायचे. मागच्या साथीत आम्ही दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. त्या मानानं हे मुताचं काम मला शहाणपणाचं वाटलं.

पहिल्याच दिवशी पोरगी ताडपत्री अंथरून फुलंब्रीला मुक्कामाला गेली. सकाळी बायको उठून बघती तर सगळीकडं डाग न् लेंड्या. आमच्या घरात दुसऱ्याची वस्तू खरकटी परत द्यायची नाही, आणि रिकामीही द्यायची नाही. तिनं नळी लावून, साबणानं घासून ताडपत्री लख्ख केली. मग ती घडी, आणि घडीवर ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा.

पोरगी हातमोजे-मास्क चढवून आली आणि शेंगांकडं बघतच राहिली.

"आजी, ही धुतली?"

"मग? पाहुण्याला घाण द्यायची व्हय?"

"मला घाणच पाहिजे होती, आजी! आणि तुम्ही उघड्या हातानं… आधी हात धुवा बघू."

"तोंड झाकून बोलती, मग आम्हाला कसं कळावं? उद्या नाय धुणार. हातबी नाय लावणार. जशी पडंल तशी घाणेरडी देते, शब्द हाय माझा."

आजी-नात दोघी हसल्या. एवढं शिकून मूत मागायला यावं लागतं म्हणून मीही हसलो.

दुपारी बायको चुलीपुढं बसल्या बसल्या कलली. काळीज तिचं आधीपासून अधू, गोळ्या चालू. डॉक्टरनं तेच सांगितलं. पण आमच्या भावकीत डॉक्टरपेक्षा शिकलेली माणसं लई. मसणातून परत येईपर्यंत त्यांचा निकाल तयार होता: वाघळाचं मूत धुतलं, म्हणून गेली. सकाळी धुतलं, दुपारी मेली! विषाणूलासुद्धा एवढी घाई नसती.

पुतण्यानं फटाक्यांच्या माळा आणल्या. "काका, उद्या सकाळी एक बी वाघूळ ठेवत नाय."

बातमी ऐकून पोरगी आली होती, कुंपणापाशी उभी. तिचं रडून झालं होतं. ती म्हणाली, "आजोबा, हाकलू नका. घाबरून ती गावभर पांगतील, दुसऱ्या घरांवर बसतील. ते जास्त वाईट." भावकीनं तिला हाकललं. जाता जाता तिनं एक मास्क आणि हातमोजे कुंपणावर ठेवले. ताडपत्रीचा विषयही काढला नाही तिनं. एवढी लाज आमच्या भावकीत वाटून दिली असती तरी पुरली असती.

वाघळांचं मला काही लई प्रेम नाही. पण ती हाकलली असती, तर गावात पिढ्यान् पिढ्या एवढंच उरलं असतं की फलाण्याची बायको मुतानं मेली. आणि तिचा शब्द तसाच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी मास्क लावला, हातमोजे चढवले, ताडपत्री उलगडली. एकट्यानं चार कोपरे धरता येत नाहीत. दगड ठेवले. बाज लांब ओढून बसलो.

पुतण्या माळा घेऊन आलाच. "काका, सुतकात हे काय?"

"सुतकात देवळात जायचं नाय म्हणतात. मुताबद्दल कुणी काय सांगितलेलं नाय. त्या माळा पेटवायच्या तर आधी माझ्या बाजेखाली पेटव."

तो तोंड वाकडं करून गेला. वाघळं किचकिचत परत आली. ताडपत्रीवर टपटप सुरू झाली. मी पोरीला फोन लावला, ये म्हणालो. घाणीला हात लावला नाही.

ओंजळभर शेंगा मात्र घरातून काढल्या. ताडपत्रीवर नाही, बाजेवर ठेवल्या.